रेड वाइन बिघडली आहे की तिची चवच तशी आहे? बाटलीतले दोष कसे ओळखायचे?

रेस्टॉरंटमध्ये रेड वाइनची बाटली मागवली की वेटर आधी लेबल दाखवतो, मग बूच काढतो आणि टेबलावरच्या एकाच्या ग्लासात दोन घोट वाइन ओततो. त्यानंतर तो बाटली हातात धरून थांबतो. सगळ्यांच्या नजरा त्या एका माणसाकडे लागतात. तो घाईघाईने घोट घेतो, 'छान आहे' म्हणतो आणि स्वतःची सुटका करून घेतो.

खरं तर वाइन आवडली का, हा प्रश्न वेटरने विचारलेलाच नसतो. ते दोन घोट बाटली तपासण्यासाठी असतात. वाइन जशी तयार झाली तशीच ग्लासात आली आहे, की मध्ये कुठेतरी बिघडली आहे, एवढंच त्यातून पाहायचं असतं. निव्वळ आवडली नाही म्हणून उघडलेली बाटली परत करण्याचा प्रघात नाही. बिघडलेली बाटली परत करण्याचा मात्र जगभर आहे.

अडचण वेगळीच आहे. दूध नासलं किंवा आमटी आंबली तर आपल्याला लगेच कळतं, कारण चांगल्या दुधाची आणि चांगल्या आमटीची चव लहानपणापासून ओळखीची असते. वाइनच्या बाबतीत तुलना करायला आपल्यापैकी बहुतेकांकडे काहीच नसतं. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वेळी वाइन पिणाऱ्याच्या वाट्याला बिघडलेली बाटली आली, तर तो बाटलीला दोष देत नाही. 'आपल्याला यातलं कळत नाही' किंवा 'रेड वाइन अशीच लागत असेल' असं म्हणून तो गप्प बसतो. काही जण तर पुन्हा वाइनच्या वाटेला जात नाहीत.

वाइनमधले मुख्य दोष मोजकेच आहेत आणि त्यातले बरेचसे नुसत्या वासावरून ओळखता येतात. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

आधी हे पाहू: काय दोष नाही?

रेड वाइनबद्दल नवख्या माणसाची सगळ्यात मोठी तक्रार असते ती तुरटपणाची. हिरड्या आणि जीभ आखडल्यासारखी वाटते, तोंड कोरडं पडतं. हा तुरटपणा टॅनिनमुळे येतो. कोरा कडक चहा, कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर तोंडाला जे होतं, तोच हा प्रकार. रेड वाइन बनवताना द्राक्षांचा रस साली आणि बियांसकट आंबवतात, त्यामुळे टॅनिन त्यात उतरतं. ओकच्या लाकडी पिंपांतूनही थोडं येतं. तुरटपणा कमी-जास्त आवडू शकतो, पण तो बिघाड नाही.

बाटलीच्या तळाशी किंवा बुचाच्या टोकाला कधी कधी काचेच्या बारीक चुऱ्यासारखे खडे दिसतात. ती काच नसते. द्राक्षांमध्ये टार्टारिक आम्ल असतं, चिंचेचा आंबटपणाही त्याच आम्लाचा. वाइन थंड राहिली की या आम्लाचे क्षार स्फटिक होऊन खाली बसतात. जुन्या रेड वाइनमध्ये रंगद्रव्यं आणि टॅनिन एकत्र येऊन गडद गाळ साचतो, तोही निरुपद्रवी असतो. बाटली काही तास उभी ठेवायची आणि वरची वाइन हलक्या हाताने ओतून घ्यायची, एवढं पुरतं.

बूच काढताना त्याचे तुकडे वाइनमध्ये पडले किंवा बुचाच्या बाहेरच्या टोकावर थोडी बुरशी दिसली, तरी तेवढ्यावरून वाइन बिघडली असं म्हणता येत नाही.

आणखी एक गैरसमज तापमानाचा आहे. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांमधून आला. तिथे खोलीचं तापमान म्हणजे साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस. मुंबईत किंवा नागपुरात एप्रिल महिन्यात ३२ अंशांच्या खोलीत ठेवलेली वाइन ग्लासात ओतली, तर आधी अल्कोहोलचाच भपकारा येतो आणि चव बेंगरूळ लागते. अशी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी आणि मगच तिच्याबद्दल मत बनवावं.

तपासायचं कसं?

क्रम सोपा आहे: आधी डोळे, मग नाक आणि शेवटी जीभ.

ग्लासात थोडीशीच वाइन घ्या आणि ग्लास पांढऱ्या कागदावर किंवा टेबलक्लॉथवर तिरका धरा. रंग कडेला कसा दिसतो ते पाहा. मग ग्लास न हलवता एकदा वास घ्या. त्यानंतर ग्लास गोल फिरवून पुन्हा वास घ्या. फिरवल्याने वाइन हवेत मिसळते आणि दडलेले वास वर येतात. शेवटी छोटा घोट घ्या.

यात पहिल्या वासाला सर्वाधिक महत्त्व आहे. नाक फार लवकर सरावतं. अत्तराच्या दुकानात पाच मिनिटांनी काहीच जाणवेनासं होतं, तसंच इथेही होतं. शंका आली तर पुन्हा पुन्हा हुंगत बसण्यापेक्षा ग्लास शेजारच्याला द्यावा. तेच वास सगळ्यांना सारख्याच तीव्रतेने जाणवत नाहीत, त्यामुळे दुसरं नाक उपयोगी पडतं.

कुबट वास: बुचातून आलेला दोष

पावसाळ्यात न वाळलेले कपडे, भिजून सुकलेला पुठ्ठा किंवा बंद घरातलं गोणपाट यांना जो कुबट वास असतो, तो वाइनला आला तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. ट्रायक्लोरोअनिसोल किंवा टीसीए नावाचं हे रसायन आहे. इंग्रजीत अशा बाटलीला 'कॉर्क्ड' म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी या वासाचं मूळ शोधून काढलं.

बूच हे ओक जातीच्या एका झाडाच्या सालीपासून बनतं. जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. सालीत किंवा बुचात क्लोरीनयुक्त फिनॉल असतील आणि त्यावर बुरशी वाढली, तर ती बुरशी त्यांचं रूपांतर टीसीएमध्ये करते. पुढे ते हळूहळू वाइनमध्ये उतरतं.

त्याची मात्रा किती लागते? एका लिटरमध्ये अवघे काही नॅनोग्रॅम. ऑलिंपिकच्या जलतरण तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी मावतं. तेवढी वाइन बिघडवायला जेमतेम १० मिलिग्रॅम टीसीए पुरेल. चिमूटभर मिठाचं वजन याच्या कितीतरी पट भरतं.

टीसीए जास्त असेल तर कुबट वास लपत नाही. खरी फसगत होते ती ते कमी असताना. तेव्हा कुबट वास जाणवतच नाही, पण वाइनमधला फळांचा सुगंध गायब होतो. वाइन मुकी, सपाट आणि पाणचट लागते. यामागचं एक कारण २०१३ साली जपानी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पुढे आलं. टीसीए हे नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींचे संदेशच दडपतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे हे रसायन स्वतःचा वास सोडतंच, शिवाय इतर वास जाणवण्याच्या आपल्या क्षमतेवरही परिणाम करतं.

अशा वेळी पिणारा म्हणतो, 'ही वाइन काही खास नाही.' दोष एका बुचाचा असतो आणि नाव मात्र वाइन बनवणाऱ्याचं खराब होतं. एखाद्या ओळखीच्या वाइनची एकच बाटली अचानक बेचव लागली, तर हीच शंका घ्यावी.

टीसीएवर घरगुती इलाज नाही. हवा लागली की वास जाण्याऐवजी अनेकदा तो जास्तच जाणवतो. गेल्या काही वर्षांत बूच बनवणाऱ्या कंपन्या तपासणी कडक करत आहेत. महागड्या वाइनसाठी तर एकेक बूच यंत्राने तपासलं जातं. अनेक भारतीय वाइनच्या बाटल्यांना हल्ली स्क्रूकॅप असतं, त्यामुळे हा धोका बराच कमी होतो. मात्र तो शून्यावर येत नाही, कारण टीसीए तळघरातल्या लाकडातून आणि पिंपांतूनही वाइनमध्ये येऊ शकतं.

उष्णतेने 'शिजलेली' वाइन

महाराष्ट्रातल्या वाइनप्रेमींनी बुचापेक्षाही जास्त धास्ती घ्यावी ती उन्हाची. वाइन साठवायला साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअस तापमान उत्तम मानलं जातं. आपल्याकडे नाशिक, सांगली किंवा नारायणगाव भागातल्या वायनरीतून वातानुकूलित टाक्यांमध्ये सांभाळलेली वाइन निघते. पुढे ट्रक, गोदाम, दुकानाची दर्शनी काच आणि शेवटी घरातल्या स्वयंपाकघरातलं कपाट असा तिचा प्रवास होतो. उन्हाळ्यात बंद उभ्या गाडीच्या डिकीत तापमान सहज ५० अंशांच्या वर जातं. वायनरीत घेतलेली सगळी मेहनत तिथे एका दुपारीत वाया जाऊ शकते.

उष्णतेने द्रव प्रसरण पावतो आणि बाटलीतला दाब वाढतो. त्यामुळे बूच थोडं वर सरकतं किंवा त्याच्या कडेने वाइन झिरपते. बुचाच्या पूर्ण लांबीवर वाइनचा डाग असेल, बूच बाटलीच्या तोंडापेक्षा वर आलेलं असेल किंवा वेष्टण चिकट लागत असेल, तर ही लक्षणं उघडण्याआधीच ओळखता येतात. स्क्रूकॅपच्या बाटलीत मात्र ती दिसत नाहीत.

वासातला फरक असा: ताज्या फळांऐवजी मुरांबा, उकळलेले मनुके किंवा करपलेली साखर आठवते. चवीतला तजेला निघून जातो. बिघडलेली वाइन पुन्हा थंड केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही. म्हणूनच दुकानातून बाटली घेताना शो-केसच्या दिव्याखालची किंवा उन्हात ठेवलेली नको, आतली द्या, असं सांगणं शहाणपणाचं आहे.

हवा लागलेली वाइन

कापलेलं सफरचंद काही मिनिटांत तपकिरी पडतं. हवेतल्या ऑक्सिजनने वाइनचंही तसंच होतं, फक्त सावकाश. फळांचा वास मावळतो आणि त्याजागी सुकामेवा, काळवंडलेलं सफरचंद किंवा शेरीसारखा वास येतो. रंग जांभळट लालवरून विटकरी आणि मग तपकिरीकडे झुकतो.

रंगाकडे पाहताना लेबलवरचं वर्षही पाहावं. पंधरा वर्षं जुनी वाइन कडेला विटकरी दिसणं स्वाभाविक आहे. दोन वर्षांची वाइन तपकिरी दिसत असेल तर मात्र काहीतरी बिनसलं आहे.

हा दोष बंद बाटलीतही आढळतो, पण बारमध्ये ग्लासवर मागवलेल्या वाइनमध्ये तो जास्त भेटतो. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली तर रेड वाइन साधारण तीन ते पाच दिवस चांगली राहते. काउंटरवर उघडी राहिलेली बाटली त्याआधीच उतरते. म्हणून ग्लासने वाइन मागवताना 'बाटली कधी उघडली?' हे विचारण्यात काहीही गैर नाही.

व्हिनेगर आणि नेलपॉलिश रिमूव्हर

वाइनमध्ये काही जिवाणू असे असतात, की त्यांना हवा मिळाली की ते अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. म्हणजेच व्हिनेगर. याच प्रक्रियेत इथाइल ॲसिटेटही तयार होतं, त्याचा वास नेलपॉलिश रिमूव्हरसारखा असतो. १८६३ मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने वाइन का बिघडते, याचा शोध घ्यायला लुई पाश्चर यांना सांगितलं. त्यांनी सूक्ष्मजीवांची भूमिका दाखवून दिली आणि १८६६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. हलकी उष्णता देऊन सूक्ष्मजीव मारण्याची त्यांची पद्धत पुढे दुधासाठी जगभर वापरली जाऊ लागली. आपल्या दुधाच्या पिशवीवरच्या 'पाश्चराइज्ड' या शब्दाचं मूळ तिथे आहे.

थोडं ॲसेटिक आम्ल प्रत्येक वाइनमध्ये असतंच. युरोपीय संघाच्या नियमांनुसार रेड वाइनमध्ये ते सर्वसाधारणपणे लिटरला १.२ ग्रॅमपर्यंत चालतं. अगदी थोडं असेल तर सुगंध खुलतो, असंही मानलं जातं. फ्रान्समधल्या शाटो शेव्हल ब्लांची १९४७ सालची वाइन विसाव्या शतकातल्या सर्वाधिक गाजलेल्या वाइनपैकी एक आहे आणि तिच्यात हे आम्ल बरंच जास्त असल्याचं सांगितलं जातं. पण नाक ग्लासाजवळ नेताच झोंबलं आणि घोटानंतर घशात जळजळ झाली, तर ती वाइन बिघडली आहे असं खुशाल समजावं.

सडक्या अंड्यांचा वास: थांबून पाहावा असा दोष

ऑक्सिजन जास्त झाला तर वाइन बिघडते, तशी तो फारच कमी पडला तरी तक्रारी सुरू होतात. आंबवताना यीस्टला पुरेसं पोषण मिळालं नाही तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याचा वास सडक्या अंड्यांसारखा असतो. याच कुटुंबातल्या इतर गंधकयुक्त संयुगांमुळे जळका रबर, पेटवलेली काडी, उकडलेला कोबी किंवा लसूण आठवते. घट्ट स्क्रूकॅपखाली हे वास अडकून राहू शकतात.

यातली चांगली गोष्ट अशी, की सौम्य दोष अनेकदा आपोआप जातो. वाइन रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवावी किंवा ग्लासात जोरात फिरवावी. पाश्चात्त्य देशांत तांब्याचं स्वच्छ नाणं क्षणभर वाइनमध्ये बुडवण्याची जुनी युक्ती आहे. तांबं गंधकाला पकडतं आणि वास कमी होतो. मात्र आंबट पदार्थ तांब्यात ठेवू नये, हे आपल्याकडे कल्हईच्या भांड्यांपासून माहीत आहे. तोच नियम वाइनलाही लागू आहे. युक्ती करून पाहायचीच असेल तर ती काही सेकंदांपुरतीच. अर्ध्या तासानेही वास तसाच राहिला, तर तो जाण्याची आशा सोडावी.

गोठ्याचा वास: दोष की ढंग?

१९०४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतले संशोधक निल्स क्लाउसेन यांनी इंग्लिश बिअरमध्ये एक वेगळं यीस्ट सापडल्याचं जाहीर केलं. त्याला त्यांनी 'ब्रेटानोमायसिस', म्हणजे 'ब्रिटिश बुरशी', असं नाव दिलं. हेच यीस्ट जुन्या लाकडी पिंपांत घर करून रेड वाइनमध्येही वाढतं. त्यातून तबेला, घामट चामडं किंवा औषधी पट्टीसारखे वास येतात.

याबद्दल जाणकारांमध्येही एकमत नाही. चामड्याची किंवा मसाल्याची हलकी छटा काहींना वाइनचं वैशिष्ट्य वाटते. काहींना तीच अस्वच्छतेची खूण वाटते. एक कसोटी मात्र उपयोगी आहे. तो वास इतर वासांसोबत जाणवत असेल तर तो ढंग म्हणता येईल. तबेल्याशिवाय दुसरं काहीच जाणवत नसेल तर तो दोष आहे.

न फसफसणारी वाइन फसफसली तर?

साध्या रेड वाइनमध्ये जिभेला टोचणारे बुडबुडे, गढूळपणा आणि यीस्टचा वास एकत्र आले, तर बाटलीत पुन्हा आंबवण्याची क्रिया सुरू झाली असण्याची शक्यता असते. उरलेली साखर आणि जिवंत यीस्ट यांची गाठ पडल्याने हे होतं. अगदी ताज्या वाइनमध्ये किंचित वायू राहिलेला असू शकतो, तो ग्लास फिरवल्यावर निघून जातो.

आणखी एक विचित्र दोष आहे. वासात काहीच जाणवत नाही, पण घोट गिळल्यानंतर काही सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव तोंडात रेंगाळते. वाइन आम्लधर्मी असल्याने हे रसायन त्यात दबलेलं असतं आणि लाळेत मिसळल्यावर मोकळं होतं. गंधकाचा वापर टाळून बनवलेल्या वाइनमध्ये हा दोष अधिक आढळतो. काही लोकांना तो अजिबात जाणवत नाही.

चुकून प्यायली तर अपाय होतो का?

वर सांगितलेले दोष चव आणि वास बिघडवतात. वाइनमध्ये आढळणाऱ्या प्रमाणात ते विषारी मानले जात नाहीत. चांगल्या वाइनमधलं अल्कोहोल मात्र शरीराला निरुपद्रवी असतं असं नाही. अल्कोहोलचं पूर्णपणे सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

बाटली परत कशी करायची?

रेस्टॉरंटमध्ये शंका आली तर पहिल्या दोन घोटांतच सांगावं. बाटली अर्धी संपल्यावर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. दोषाचं शास्त्रीय नाव माहीत असण्याची गरज नाही. 'याला कुबट वास येतोय, तुम्हीही एकदा पाहता का?' एवढं पुरेसं आहे. जाणकार कर्मचारी स्वतः वास घेतो आणि बहुतेक वेळा दुसरी बाटली आणतो. नवी बाटली नव्या ग्लासात घ्यावी, कारण जुन्या ग्लासात आधीचा वास राहतो. नव्या बाटलीतही तोच वास आला, तर ती त्या वाइनची मूळ चव असण्याची शक्यता जास्त.

दुकानातून आणलेली बाटली असेल तर उरलेली वाइन ओतून टाकू नये. बूच किंवा झाकण, बिल आणि लेबलवरचा बॅच क्रमांक जपून ठेवावा. वायनरीलाही कळवावं. प्रामाणिक उत्पादकाला अशी तक्रार हवीच असते, कारण एका बुचाचा दोष आहे की संपूर्ण बॅचचा, हे त्याला त्यातूनच समजतं. जो ग्राहक काहीच न सांगता पुन्हा येत नाही, त्याच्याकडून त्याला काहीच कळत नाही.

पुढच्या वेळी वेटर दोन घोट ओतून थांबला, तर घाई करण्याचं कारण नाही. एकदा शांतपणे वास घ्यावा. फळांचा, मसाल्याचा, लाकडाचा, कुठलाही स्वच्छ वास आला तर मान डोलवावी. पावसाळ्यातलं गोणपाट आठवलं, तर तसं स्पष्ट सांगावं.